मीटर बरोबर, रॉकर कोरडे

मूल, जि. चंद्रपूर
रोवणीचे दिवस

चि. बाबू,

तुझा फोन आला तेव्हा केजव्हीलचं वेल्डिंग चालू होतं, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. कागद भिंतीला चिकटवता येतो. फोनवरचं तू संध्याकाळपर्यंत विसरतोस.

नागभीडच्या त्या जुन्या मेसी १०३५ ची हकीकत मला कळली ती अशी : हेडवर टकटक आहे, टॅपेट ०.३० ला बसवूनही आवाज परत येतो, कव्हर काढून इंजिन चालवलं तर रॉकर कोरडे, आणि ऑइल मीटर मात्र छान उभं. मालकाचे धानाचे पऱ्हे पिवळे पडायला लागलेत, त्याला ट्रॅक्टर आजच हवा. आणि तू मीटरच्या जागेतून तांब्याची नळी काढून सरळ हेडवर द्यायची म्हणतोस.

नळी देऊ नकोस.

आधी मीटरचं बघू. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या तोंडाशी पाणी चढलेलं दिसलं म्हणून शेवटच्या बांधीत पाणी पोचलं असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. मीटर त्या तोंडाशी बसलेलं असतं. ते मुख्य गॅलरीतला दाब सांगतं, पुढे कोणाला किती तेल मिळालं ते सांगत नाही. पुढची एखादी वाट बुजली तर मीटर पडणार नाही, कणभर जास्तच दाखवेल. मीटर पडतं ते अलीकडे काही बिघडलं तर : जाळी बुजली, पंप झिजला, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला, किंवा पुढे बेअरिंग ढिले होऊन तेल निसटलं तर. गरम इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असताना २ किलोच्या खाली आलं तर तिकडे शोधायचं. तुझं मीटर उभं आहे, म्हणजे दुखणं मीटरच्या पुढे आहे. एवढ्यानेच अर्धं इंजिन तुझ्या संशयातून सुटलं.

आता तेलाची वाट. इंजिनाखालच्या चेंबरमधली जाळी, पंप, फिल्टर, गॅलरी. तिथून मेन बेअरिंग, क्रँकच्या आतल्या भोकांतून बिग एन्ड. आणि एक फाटा कॅमशाफ्टला. रॉकरचं तेल या कॅमच्या बैठकीतून येतं. कॅम फिरताना भोकासमोर भोक आलं की एक घोट वर जातो : ब्लॉक, हेड गॅस्केट, हेड, छोटी नळी, रॉकर शाफ्ट. म्हणजे रॉकरला तेल थोडं आणि कमी दाबाने मिळावं अशीच रचना आहे. पर्किन्सचं हे डिझाइन, मद्रासच्या सिम्पसनने इथं बनवलेलं. बाहेरून नळी द्यायचं त्यांना सुचलं नसेल असं समजू नकोस.

तुझी नळी सतत, पूर्ण दाबाने तेल देईल. हेड तेलात बुडेल, झिजलेल्या गाइडमधून तेल आत गळेल, निळा धूर निघेल. इंजिन तापून हळू चालेल तेव्हा मेन बेअरिंगचा वाटा वर पळालेला असेल. पण सगळ्यात वाईट म्हणजे टकटक थांबेल. ज्या गाळाने ही वाट बुजवली तो इंजिनात तसाच राहील, आणि तक्रार करायला वर कोणी नसेल. रॉकर सगळ्यांत लांब आणि त्याची वाट सगळ्यांत बारीक, म्हणून तो आधी ओरडला. क्रँकची भोकं बुजायला लागली तर क्रँक ओरडत नाही, सरळ जाम होते.

सुरुवात वरून कर. रॉकर शाफ्ट काढून उलटा बघ. खालच्या अंगाला खाच पडली असेल तर भूक जुनी आहे. टोकाचे प्लग काढ, भोकं बारीक तारेने मोकळी कर, डिझेलने धू. बसवताना भोकं कोणत्या अंगाला होती ते काढण्याआधीच खुणेने धरून ठेव. पुष्कळ हुशार मिस्त्री शाफ्ट उलटा बसवतात आणि मग पंपाला दोष देतात. शाफ्ट बाजूला असतानाच स्टॉप ओढून सेल्फ मार आणि हेडच्या भोकावर नजर ठेव. तेल उमटलं तर दोष शाफ्टचा किंवा छोट्या नळीचा. नाहीच आलं तर हेड उतरवावं लागेल.

हेड उतरवलंस तर पहिल्यांदा गॅस्केट बघ. मालकाला विचार, हेड आधी कोणी खोललं होतं? सिलिकॉन पेस्ट हल्ली पोळीला तूप लावावं तशी लावतात. दाबली की ती आत उतरते आणि भोकावर पापुद्रा धरते. गॅस्केट दुसऱ्या मॉडेलचं असेल तर भोकच नसतं. ब्लॉकमधली वाट बुजलेली दिसली तर वरून कम्प्रेसरची हवा मारू नकोस, सगळी घाण कॅमच्या बैठकीत जाईल. रात्रभर डिझेल भरून ठेव, तारेच्या टोकाला ग्रीस लावून गाळ वर ओढून काढ. कॉटन वेस्ट कुठेही आत नको, त्याचा एक धागाही पुरतो. (कॅमला बुश असलेल्या इंजिनांत बुश फिरून भोक झाकलं जातं, ते दुखणं वेगळं, इथं त्याच्या मागे लागू नकोस.)

चेंबर मात्र उतरवच, वरचा दोष सापडला तरी. जाळीत काय अडकलंय ते बघ : काळा लोण्यासारखा गाळ, पेस्टचे तुकडे, की पितळेची चमक. पितळ किंवा पांढरा धातू दिसला तर बिग एन्ड खोलल्याशिवाय ट्रॅक्टर परत देऊ नकोस.

हा गाळ येतो कुठून? आपल्याकडे तेल दिवाळीला बदलतात. तासांचं मीटर कधीच बंद पडलेलं. जुन्या इंजिनाला २०० ते २५० तासांनी तेल आणि फिल्टर हवा. चिखलणीत दिवसाला दहा तास धर, पंचवीस दिवसांत ते तास संपले. म्हणजे एक रोवणी, एक तेल. मळणी आटोपली की ट्रॅक्टर काजळी भरलेल्या त्याच तेलावर महिनोन् महिने उभा राहतो, पुढच्या पावसाचा दमटपणाही त्यातच जिरतो. फिल्टर पूर्ण भरला की त्यातला बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल बेअरिंगवर जातं. इंजिन थांबत नाही, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. आणि काही जण तेल बदलताना डिझेल भरून इंजिन फिरवतात. जुन्या इंजिनात ते नको. वर्षांची खपली एकदम सुटते आणि जाळीत जाऊन बसते. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं साधं तेल भर, तीस-चाळीस तासांनी फिल्टरसकट बदल, पुन्हा एकदा तसंच कर.

जोडल्यावर फिल्टरमध्ये तेल भरून लाव. स्टॉप ओढून थोडा थोडा सेल्फ मार, मीटर उठलं की मगच इंजिन सोड. कव्हर उघडं ठेवून हळू चालव. थंड इंजिनात रॉकरवर तेल यायला काही मिनिटं लागतात, घाबरू नकोस. सगळ्या रॉकरवर ओल दिसली की टॅपेट पुन्हा तपास.

मालकाचं काय? त्याला सांग, आज देता येत नाही, चिखलणीपुरता भाड्याने दुसरा ट्रॅक्टर लाव. तो दोन शब्द बोलेल, ऐकून घे. ‘बाजूच्या मिस्त्रीने नळी दिलेले ट्रॅक्टर चालतात की’ असंही म्हणेल. चालतात, खरं आहे, मीही पाहिलेत. ब्लॉकमधली वाट कशानेच मोकळी होत नसेल तर शेवटी नळी द्यावी लागेल, पण मग तिच्यात बारीक भोकाचा जेट घालून, रोवणीपुरती, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहून. जेट न घालता नळीच हवी म्हणाला तर ट्रॅक्टर तसाच परत कर, मजुरी घेऊ नकोस.

हेड गॅस्केट तिकडे शोधत बसू नकोस. माझ्याकडे एक नवं आहे, उद्या सकाळच्या ब्रह्मपुरी बसने कंडक्टरजवळ देतो. लावण्याआधी ब्लॉकवर ठेवून तेलाचं भोक जुळतं का बघ, आणि नाही जुळलं तर बस परत जायच्या आत फोन कर.

तुझा
मामा