चेंडूवडा

इंग्रजांबरोबर क्रिकेटचा खेळ मुंबईस आला. १८४८ साली पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. १८८६ साली पारशी संघ इंग्लंडात जाऊन खेळला. परक्यांचा खेळ परिश्रमाने आपला झाला. मुंबईच्या मैदानांलगत खेळाडू आवडीने जो वडापाव खातात, त्याची कथाही अशीच आहे. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती समुद्र ओलांडून आली. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच.

या वड्याला क्रिकेटच्या लाल चेंडूचे रूप देता येते. चार उकडलेले बटाटे कुस्करावेत. एक लहान बीट उकडून किसावे व घट्ट पिळून त्यात मिसळावे. पाणी राहिल्यास सारण सैल होते आणि वडा तेलात फुटतो. आले, लसूण, मिरची, कोथिंबीर व मीठ घालून लिंबाएवढे गोळे वळावेत. डाळीचे पीठ दाट भिजवून त्यात ते बुडवावेत आणि वडीलधाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली तळावेत. बाहेरून सोनेरी दिसणारा हा वडा फोडला, की आत चेंडूची लाली दिसते. तो चटणीसह पावात घालून खावा.

बीट अधिक झाले तर वडा गोड होतो; मिरची अधिक झाली तर इतर चवी लोपतात. प्रत्येक जिन्नस प्रमाणात असेल, तरच त्यांचा मेळ बसतो. क्रिकेटमध्येही प्रत्येक खेळाडू आपली जागा राखून इतरांना वाव देतो, तेव्हाच अकरा जणांचा संघ होतो.