बँकॉकच्या राजवाड्यात रामाचं काय काम?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बँकॉकला जाणार आहोत. तिथल्या राजवाड्यातल्या देवळाच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे, असं सहलीच्या माहितीपत्रकात वाचलं. थायलंड तर बौद्ध देश. मग बुद्धाच्या देवळात रामायण कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : माहितीपत्रकातली गोष्ट खरी आहे. पण रामायण नेमकं कुठल्या भिंतींवर आहे, हे पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

ग्रँड पॅलेसच्या आवारात 'वाट फ्रा काएव' हे राजघराण्याचं देऊळ आहे. तिथे भिक्खू राहत नाहीत. ते राजाचं स्वतःचं पूजास्थान आहे. आवारात उंच जोत्यावर मुख्य मंदिर आहे आणि त्याच्या आतल्या भिंतींवर बुद्धाचं चरित्र रंगवलेलं आहे. साऱ्या आवाराला वेढून लांबलचक ओवरी गेली आहे आणि रामकथा आहे ती या ओवरीच्या भिंतीवर, एकूण १७८ चित्रांत. म्हणजे आत बुद्ध आणि भोवती राम.

ही मांडणी विचारपूर्वक झालेली आहे. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने सयामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, राजधानी अयुथ्या जाळली. चारशेहून अधिक वर्षं नांदलेलं शहर गेलं आणि त्याबरोबर ग्रंथ, पोथ्या, दरबारी काव्यंही गेली. पंधरा वर्षांनी, १७८२ मध्ये, चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठी नवी राजधानी वसवायला घेतली. नुसते वाडे आणि तट बांधून राज्य उभं राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने भिक्खूंना बोलावून त्रिपिटकाची शुद्ध प्रत तयार करवली, विस्कटलेले कायदे एकत्र केले आणि १७९७ मध्ये दरबारी कवींच्या साथीने रामकथा नव्याने लिहून काढली. तीच 'रामकियेन'. धर्मग्रंथ, कायदा आणि रामकथा या तिन्हींवाचून राज्य पुरं होत नाही, असं मानणारा तो राजा होता.

राजा हा विष्णूचा अंश, ही कल्पना सयामी दरबारात अंगकोरच्या ख्मेर दरबाराकडून आली. पण सयाममध्ये या अंशाचं काम ठरलेलं आहे : धर्माचं रक्षण करणं. आणि धर्म बुद्धाचा. म्हणून राजा बुद्धापुढे गुडघे टेकतो आणि प्रजा राजामध्ये राम पाहते. यात त्यांना कसलीच ओढाताण वाटत नाही. सहावा राजा वजिरावुध याने आपल्या घराण्यातल्या राजांना 'राम' हे नाव आणि क्रमांक लावायची पद्धत सुरू केली. आजचे राजे दहावे राम आहेत. चक्री घराण्याच्या चिन्हात चक्र आणि त्रिशूळ आहे, तर सरकारी कागदांवर गरुड. बुद्धाभोवती ओवरीत राम का उभा आहे, हे यावरून ध्यानात येईल. तो तिथे रखवालदार आहे.

ओवरीच्या दारांशी उभे असलेले बारा धिप्पाड यक्षही याच कथेतले राक्षस आहेत. त्यांत हिरव्या रंगाचा, डोक्यांची उतरंड रचलेला तोत्सकान म्हणजे आपला दशकंठ रावण. इंद्रजितही तिथेच आहे. हातात गदा घेऊन, मंदिराकडे तोंड करून हे सगळे पहारा देतात. रामाने ज्यांना हरवलं, तेही बुद्धाच्या सेवेला लागले आहेत.

प्रश्न : नातवंडं बरोबर आहेत. चित्रं दाखवत मला त्यांना गोष्ट सांगता येईल का? की ते रामायण अगदीच वेगळं आहे? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, नक्की सांगता येईल, आणि ओवरीचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चला. पहिल्याच चित्रात जनक राजा शेत नांगरताना सीता सापडते. फ्रा राम हिरवा, फ्रा लक म्हणजे लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढराशुभ्र आणि सुग्रीव तांबडा. एवढे रंग मुलांना सांगून ठेवलेत की पुढे कोण कुठे आहे ते तीच तुम्हाला दाखवतील.

मात्र काही गोष्टींची तयारी ठेवा. रामकियेनमधली सीता ही रावणाचीच मुलगी. ही मुलगी बापाच्या नाशाला कारण होईल, असं भाकीत बिभीषण करतो. मग तिला घटात घालून पाण्यात सोडतात आणि ती जनकाच्या हाती लागते. आपल्याकडच्या काही जैन रामायणांतही सीता रावणाची मुलगी आहे, तेव्हा ही काही तिकडेच रचलेली गोष्ट नव्हे. दुसरं म्हणजे त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रोज दगड नाहीसे होऊ लागतात. हनुमान पाण्यात बुडी मारतो, तर रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा आपल्या माशांकरवी ते दगड पळवते आहे. भांडण होतं, भांडणाचं प्रेम होतं आणि पुढे त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो. अंग वानराचं, शेपूट माशाचं.

आता एक चित्र आवर्जून शोधा. एक प्रचंड पांढरा हनुमान दिसेल. त्याने आपला देह डोंगराएवढा वाढवला आहे आणि जबड्यात एक अख्खा मंडप धरला आहे. मंडपात राम झोपला आहे. पाताळातला मायावी मैयराब रामाला पळवून न्यायला येणार, हे कळल्यावर हनुमानाने केलेला हा बंदोबस्त. तरीही मैयराब सगळ्यांना गुंगी आणून रामाला पळवतोच. हनुमान पाताळात उतरतो, तर दारावर मच्छानु पहाऱ्याला. बापलेकांची झुंज होते आणि मग ओळख पटते.

आजी, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तनात ऐकलेलं अहिरावण-महिरावणाचं आख्यान आणि पाताळाच्या दारावरचा मकरध्वज तो हाच. आपल्याकडे तो हनुमानाच्या घामाच्या थेंबातून जन्मतो, तिकडे त्याला आई आहे. मूळ वाल्मीकी रामायणात ही कथाच नाही. लोकांनी ती तोंडोतोंडी वाढवली आणि ती समुद्रापार गेली. म्हणून तिथलं रामायण आपल्याशी ताडून चुका काढू नका. प्रत्येक देशाने रामाला आपल्या घरात जागा देताना थोडी भर घातली आहे, आणि महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही.

भिंतीची ओल या चित्रांची वैरीण आहे. ती दर काही पिढ्यांनी नव्याने रंगवावी लागतात. शहराला शंभर वर्षं झाली तेव्हा १८८२ मध्ये आणि दोनशे झाली तेव्हा १९८२ मध्ये मोठी कामं झाली. कधी एखादा चित्रकार भिंतीलगत बसून सोन्याची रेघ ओढताना दिसला, तर मुलांना थोडा वेळ तिथे थांबू द्या.

प्रश्न : पाचूच्या बुद्धाला ऋतूप्रमाणे कपडे घालतात, हे खरं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरं आहे. आधी एक खुलासा : वाट फ्रा काएवच्या मुख्य मंदिरातली ही मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेड जातीच्या दगडाची आहे. उंची अवघी ६६ सेंटिमीटर. ती फार उंच सिंहासनावर बसवलेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती आणखीच लहान वाटते. परंपरा सांगते की १४३४ साली उत्तरेकडे चिआंग राय इथे स्तूपावर वीज पडली, आत एक गिलावा केलेली मूर्ती सापडली आणि गिलाव्याचा टवका उडाला तेव्हा आतला हिरवा दगड दिसला. पुढे ती लाओसमध्ये गेली. १७७९ मध्ये, पुढे पहिला चक्री राजा झालेल्या सेनापतीने ती व्हिएन्तियानहून आणली.

वस्त्रं तीन. उन्हाळ्यात मुकुट आणि दागिने. पावसाळ्यात एक खांदा उघडा ठेवणारं सोनेरी चीवर, कारण तो भिक्खूंच्या वर्षावासाचा काळ. आणि थंडीत सोन्याच्या जाळीची शाल. वस्त्रं राजा स्वतः बदलतो, तो परगावी असला तर राजघराण्यातली दुसरी व्यक्ती. उन्हाळ्यात पंढरीच्या विठोबाला चंदनाची उटी लावलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं प्रेम वेगळं समजावून सांगायला नको.

आत फोटो काढायला बंदी आहे. पादत्राणं बाहेर काढा आणि बसताना पाय मागे दुमडून घ्या. मूर्तीकडे पावलं करणं तिथे फार मोठा अनादर समजतात.

प्रश्न : तिथल्या राजाकडे अजून ब्राह्मण आहेत म्हणे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आहेत. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, उंच तांबड्या झोपाळ्याच्या चौकाजवळ, १७८४ साली उभारलेलं 'देवस्थान' आहे. शिव, गणेश आणि विष्णू यांची तीन वेगवेगळी दालनं. पांढरी वस्त्रं आणि केसांचा अंबाडा, असा तिथल्या राजपुरोहितांचा वेष. त्यांची काही स्तोत्रं मुळात तमिळ शिवभक्तांची आहेत. मे २०१९ मध्ये दहाव्या रामांच्या राज्याभिषेकात याच ब्राह्मणांनी राजचिन्हं राजाच्या हाती दिली. आणि ते स्वतः बुद्धालाही तितकेच मानतात.

चौकातल्या झोपाळ्यावर पूर्वी तरुण उंच झोके घेत आणि खांबाला टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. तो विधी १९३५ नंतर बंद झाला. मे महिन्यात सनाम लुआंग मैदानावर होणारी राजनांगरणी मात्र अजून चालू आहे. नांगरणी झाली की बैलांपुढे भात, मका, मुगासारखी कडधान्यं, तीळ, गवत, पाणी आणि दारू ठेवतात. बैल कशाला तोंड लावतो, त्यावरून यंदाच्या पिकापाण्याचा होरा सांगतात.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. एका दिवसात काय काय पाहून होईल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंतच प्रवेश मिळतो. दार उघडताच आत शिरा. अकरानंतर ऊन आणि गर्दी, दोन्ही सोसवत नाहीत. परदेशी पाहुण्यांना तिकीट ५०० बात आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांचा सदरा घालून आलात तर दारातूनच परत पाठवतील. आपली साडी किंवा सलवार-कमीज अगदी चालते.

एक सावधगिरी ठेवा. रस्त्यात कुणी गोड बोलून 'आज राजवाडा बंद आहे, चला दुसरी देवळं दाखवतो' म्हणाला, तर सरळ पुढे चालू लागा. त्याची टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, रत्नांच्या दुकानात जाऊन थांबते. राजवाडा उघडा आहे की बंद, ते त्याच्याच दारावर जाऊन विचारायचं.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो आहे. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. सगळे तोंडासमोर फोटो काढून निघतात. तुम्ही पावलांपर्यंत जा. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हं आहेत. शेजारच्या मुख्य मंदिराच्या कठड्यावर रामकियेनचेच १५२ संगमरवरी पट कोरलेले आहेत आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते. आईंना सावलीत बसून ते निवांत पाहता येतील.

समोर, नदीपलीकडे, वाट अरुण. था तिएनच्या धक्क्यावरून होडी पाच-दहा मिनिटांत पोहोचवते. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची फुलं करून सजवलेलं ते उंच शिखर खालूनच नीट दिसतं. पायऱ्या फार खड्या आहेत, आईंना चढवू नका.

आणि वेळ कमी पडलाच तर वाट अरुण दुसऱ्या दिवसावर ढकला, पण ओवरी उरकू नका. सहलवाले तिला दहा मिनिटं देतात. तुम्ही निदान तासभर मागून घ्या.