डीआरपीला दौंड-शिरूर : खिशातून किती जाईल, परीक्षेला काय लागेल

पोस्टिंगच्या ऑर्डरवर दौंडचं नाव आलं, की लगेच खोली शोधायला लागू नका. आधी रुग्णालयाच्या कार्यालयात फोन करा आणि एकच विचारा : रेसिडेंटसाठी राहायची सोय कुठे आहे? डीआरपीच्या, म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या नियमांनुसार निवास, निवासापासून रुग्णालयापर्यंतची वाहतूक, सुरक्षा आणि ड्युटीवरचा अल्पोपाहार ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. तीन महिन्यांचं पूर्ण विद्यावेतन तुमच्या मूळ कॉलेजकडूनच मिळतं. ‘तिकडे आहात तोवर तिकडून घ्या’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. सोय नसेल तर तसं लेखी मागा, ईमेलवर आलं तरी चालेल. पुढे काही मागायचं झालं तर हातात कागद लागतो.

ऑर्डर हातात आली की रुग्णालयाचा दर्जा वाचा. 2023च्या नियमांत डीआरपीसाठी किमान 50 खाटांचं, तुमच्या विषयाची सोय असलेलं सरकारी रुग्णालय लागतं. उपजिल्हा रुग्णालयं 50 किंवा 100 खाटांची असतात, ग्रामीण रुग्णालयं साधारण 30 खाटांची. दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. ऑर्डरवर शिरूर किंवा यवतसारखं ठिकाण असेल आणि पुढे ‘ग्रामीण रुग्णालय’ असा शब्द असेल, तर हजर होण्याआधी कॉलेजच्या डीआरपी समन्वयकाला विचारा की हे तीन महिने धरले जाणार का. समाधानकारक पूर्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे इथे भीड नको.

कधी जावं? नियम तिसरं, चौथं किंवा पाचवं सत्र म्हणतो. यादी कॉलेज ठरवतं, पण लवकर सांगितलं तर बरेचदा ऐकतात. पाचवं टाळा. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा असतो, म्हणजे त्याच सत्रात गाइडच्या सह्यांसाठी पुण्याला फेऱ्या. चौथं उत्तम. मेडिसिन किंवा बालरोगवाल्यांना पावसाळा मिळाला तर सोडू नका, सर्पदंश तेव्हाच जास्त येतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल तर घोणस मनात धरायची. ही तपासणी इथे स्वतःच्या हातानं केलीत, तर व्हायव्हाला वेगळं पाठांतर लागत नाही. ऑर्थो आणि सर्जरीला रांजणगाव एमआयडीसीतले यंत्रात सापडलेले हात आणि महामार्गांवरचे अपघात वर्षभर असतात. केस त्याच दिवशी लॉगबुकात लिहा आणि सही त्याच आठवड्यात घ्या. रुग्णाच्या चेहऱ्याचे फोटो मोबाइलवर ठेवू नका.

आता प्रवास. दौंडला रेल्वे आहे, शिरूरला नाही. फरक एवढाच, पण तीन महिन्यांत तो जाणवतो. दौंड ते पुणे सुमारे 75 किलोमीटर, डेमूने आलात तर पुणे स्टेशनवरून ससून रुग्णालय चालत गाठता येतं. मासिक पास काढा, मात्र तो आरक्षित डब्यात चालत नाही. विनातिकीट धरलं तर भाडं अधिक किमान 250 रुपये. छुपा खर्च वेगळाच आहे : काही गाड्या दौंड जंक्शनला न येता ‘दौंड कॉर्ड लाइन’ या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. रात्री तिथे उतरलात तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं. तिकिटावरचं नाव नीट वाचा. शिरूरहून एसटी हाच मुख्य आधार. महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे. शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून सकाळी सेमिनार असेल तर आदल्या रात्रीच निघा.

खोली भाड्यानं घ्यावीच लागली तर 11 महिन्यांचा करार करू नका, तीनच महिन्यांचा करा. नोंदणी, मुद्रांक आणि ऑनलाइन हाताळणी मिळून सरकारी खर्च साधारण दीड हजारात बसतो. एजंट त्याच्या दुप्पट-तिप्पट सांगेल, तेव्हा पावत्या वेगळ्या मागा. अनामत कधी परत मिळणार, ती तारीख करारातच लिहून घ्या.

परीक्षेचं गणित बऱ्याच जणांना उशिरा कळतं. चार पेपर, प्रत्येकी 100 गुण. एकूण 50 टक्के हवेत आणि शिवाय प्रत्येक पेपरात किमान 40. तीन पेपरांत 60-60 मिळाले आणि चौथ्यात 38, तर बेरीज 218 होते आणि तरीही नापास. प्रात्यक्षिकाचे 50 टक्के वेगळे. म्हणून नावडत्या पेपरासाठी दौंडच्या संध्याकाळी राखून ठेवा. ज्यात आधीच बरे आहात तो नंतर बघता येईल.

सक्तीचे कोर्स मागे राहिले असतील तर इथेच संपवा. संशोधनपद्धतीचा बीसीबीआर ऑनलाइन आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी वेगळी असते. बीएलएस-एसीएलएस बाहेर करण्याआधी कॉलेजमध्ये होतं का विचारा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोनच वर्षं चालतं.

ॲपचं सबस्क्रिप्शन घेताना तीन प्रश्न : किंमत 18 टक्के जीएसटीसह आहे का, मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का, आणि किती मोबाइलवर चालतं? चौघांत मिळून घेतलेलं खातं ऐन परीक्षेच्या महिन्यात बंद पडल्याचं मी पाहिलंय. टेलिग्रामवर ‘पेपर मिळेल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

निघायच्या दिवशी हातात असावं ते असं : कार्यमुक्तीचा आदेश, हजेरीपत्रकाची प्रत, पूर्तता प्रमाणपत्र. प्रत्येकावर सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. माझ्या ओळखीची एक रेसिडेंट केवळ जावक क्रमांक राहिला म्हणून दोनदा तालुक्याला परत गेली. दुसऱ्यांदा साहेब रजेवर होते. शेवटचा दिवस शुक्रवारी येत असेल तर कागद बुधवारीच टेबलावर ठेवा.