मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा : निवड कशी करावी?

छायाचित्रणात ‘मीडियम फॉरमॅट’ हा शब्द फिल्मच्या काळापासून रूढ आहे. पस्तीस मि.मी. फिल्मवरील चौकट ३६ × २४ मि.मी. असते, तर १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर ६ × ६ सें.मी.ची बारा चित्रे निघतात. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला वापरत असलेला रोलायफ्लेक्स याच जातीचा.

डिजिटल युगात हे कॅमेरे प्रथम अवजड व स्टुडिओपुरते होते. २०१६ मध्ये हॅसलब्लाडने एक्स१डी जाहीर केला, २०१७ मध्ये फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस बाजारात आला आणि आरसा काढून टाकल्याने मोठी चौकट खांद्यावरच्या पिशवीत मावू लागली. दोन्हींचा सेन्सर सुमारे ४४ × ३३ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळाने पस्तीस मि.मी. चौकटीच्या दीडपटीहून अधिक. त्यामुळे प्रकाश जास्त गोळा होतो व सावलीतला तपशील टिकतो.

हा विषय आपल्या तालुक्याशी कसा निगडित आहे, हे पाहू. पळसदेवचे जुने दगडी देवालय उजनीच्या जलाशयात गेले. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी फार आटले तरच देवालय उघडे पडते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. अशा शिल्पांची नोंद त्या थोड्या दिवसांतच झाली पाहिजे.

या कामासाठी भिंगे निवडताना नाभीय अंतराला ०.७९ ने गुणावे, म्हणजे पस्तीस मि.मी. कॅमेऱ्यातील तुल्य अंतर मिळते. फुजीचे ६३ मि.मी. भिंग सुमारे ५० चे काम करते. संपूर्ण वास्तूसाठी ३० मि.मी. (तुल्य २४) आणि कोरीव कामासाठी १२० मि.मी. मॅक्रो (तुल्य ९५) योग्य. मोठ्या सेन्सरवर स्पष्टतेची खोली कमी मिळते, म्हणून छिद्र लहान करावे व तिपाई वापरावी. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत शटर भिंगातच असते, म्हणून फ्लॅश वेगवान शटरवरही चालतो. लग्नसमारंभात व उन्हातील व्यक्तिचित्रात हा मोठा लाभ. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी मात्र ही जात सोयीची नाही. दूरची भिंगे मोजकी, जड व महाग आहेत.

आता पैशाचा प्रश्न. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरातल्या मुलाला नवा संच परवडणार नाही. जुनी ५० मेगापिक्सेलची बॉडी व एकच भिंग हा मधला मार्ग. त्यातून २७ × २० इंचांची छपाई उत्तम होते. बॉडी लवकर जुनी होते, भिंग टिकते, म्हणून भिंग पारखून घ्यावे. दोन दिवसांच्या कामासाठी महाविद्यालयाने भाड्याने संच आणणे त्याहून शहाणपणाचे.

आणि तेही न जमल्यास? दगड हलत नाही. साध्या कॅमेऱ्याने तिपाईवरून, एकमेकांवर थोडी चढणारी दहा-बारा चित्रे काढून संगणकावर जोडली तर तपशील जवळपास तेवढाच मिळतो. वेळ अधिक लागतो, एवढेच. थोडक्यात, आधी काम ठरवावे, मग भिंग, आणि शेवटी कॅमेरा. चांगल्या कॅमेऱ्याची वाट आपण पाहू शकतो, उजनीचे पाणी पाहणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला शाखा