छायाचित्रणाचा छंद

छंद जसा माणसाला जडतो, तसा तो पुष्कळदा सुटतोही. छायाचित्रणाचा छंद अनेकांच्या हातून असाच सुटला. त्यांची आवड ओसरली होती असे नव्हे. छंद खर्चाचा होता आणि शिकण्यास फार वेळ लागे. फिल्मच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बहुधा ३६ चित्रे घेता येत. रोल संपला की फिल्म धुऊन आणावी लागे व प्रती काढून घ्याव्या लागत. चित्र बिघडले हे कळेपर्यंत कित्येक दिवस लोटलेले असत. त्या वेळी ऊन कसे होते, झडप किती वेळ उघडी होती, याचे स्मरण राहत नसे. चूक पदरी पडे. तिचे कारण मात्र हाती लागत नसे. अखेर कॅमेरा कपाटात जाई.

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली या जातीचा एक आरंभीचा कॅमेरा बनविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याचे चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचे असे व ते फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आज नवशिक्याच्या साध्या कॅमेऱ्यातही १ कोटीहून अधिक ठिपक्यांचे चित्र क्षणार्धात उमटते. फिल्मच्या जागी येथे संवेदक असतो. त्याच्या प्रत्येक सूक्ष्म भागावर जितका प्रकाश पडतो, तितकी वीज तेथे निर्माण होते. त्या विजेचे आकडे बनतात आणि आकड्यांतून चित्र साकारते.

शिकणाऱ्याचा खरा लाभ याहून निराळा आहे. झडप किती वेळ उघडली, भिंगाचे छिद्र केवढे होते, हे सारे हा कॅमेरा चित्राबरोबरच टिपून ठेवतो. विद्यार्थ्याने उदाहरणाशेजारी रीत लिहावी, तसेच हे होय. म्हणून कपाटातील छंद पुन्हा हाती घेणारे लोक लहानसे प्रयोग करू लागतात. अंगणातील तुळशीवृंदावनाचे चित्र ते सकाळी घेतात, दुपारी घेतात आणि सायंकाळीही घेतात. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरील प्रत्येक रेघ उठून दिसते. डोक्यावरच्या उन्हात तीच रेघ लोपते. वाहत्या नळाचे चित्र सेकंदाच्या १,००० व्या भागात घेतले, तर थेंब मोत्यांसारखे सुटे दिसतात. कॅमेरा कठड्यावर टेकवून झडप एक सेकंद उघडी ठेवली, तर तेच पाणी रेशमाच्या लडीसारखे दिसते. दोन्ही चित्रांचे आकडे ताडून पाहिले की कारण उमगते.

तथापि या सोयीत एक धोकाही आहे. चित्राला पैसा पडत नाही म्हणून माणूस एका सहलीत पाचशे चित्रे घेतो आणि त्यांतले एकही पुन्हा पाहत नाही. मग चूक फुकट झाली तरी ती शिकवीत काही नाही. यास्तव काही जाणते छंदिष्ट स्वतःवरच एक बंधन घालून घेतात. कार्डावर हजारो चित्रांची जागा असताही ते दिवसाकाठी ३६ च चित्रे घेतात. बटण दाबण्यापूर्वी ते क्षणभर थांबतात, ऊन कोठून येते ते पाहतात, आणि रात्री ती छत्तीसही चित्रे एकेक करून तपासतात.