उंदराचा वाण आणि आतड्यातील डिफेन्सिने

लहान आतड्याच्या अस्तरातील खोलगट ग्रंथींच्या तळाशी पानेथ पेशी असतात. जिवाणूंचे आवरण भेदणारी आल्फा-डिफेन्सिने ही छोटी पेप्टाइडे त्या स्रवतात. उंदरात त्यांना क्रिप्टडिन म्हणतात. त्यांची जनुके आठव्या गुणसूत्रावर दाटीने बसलेली आहेत. मूळ जनुकाच्या प्रती होत हा समूह वाढला, त्यामुळे एका वाणातली प्रत दुसऱ्या वाणात असेलच असे नाही. क्रिप्टडिन-४ हे उंदरातील अत्यंत प्रभावी जिवाणूनाशक क्रिप्टडिन. पण सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६ वाणात त्याचे जनुकच नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला उंदराचा जनुकसंच याच वाणाचा होता, ही बाब सहज नजरेआड होते.

वाणांतील या भेदाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. नॉड२ या जनुकातील दोषांचा क्रोन या आतड्याच्या दाहक आजाराशी संबंध २००१ मध्ये दिसला. २००५ मध्ये नॉड२ निकामी केलेल्या उंदरांत काही क्रिप्टडिने घटल्याचे प्रसिद्ध झाले आणि आजाराचे सरळ स्पष्टीकरण हाती आल्यासारखे वाटले. २०१४ मध्ये मात्र सी५७बीएल/६ पार्श्वभूमीच्या उंदरांत नॉड२ असो वा नसो, पानेथ पेशींच्या जिवाणूनाशक कार्यात फरक आढळला नाही; म्हणजे आधी दिसलेली घट वाणांतील भेदातून आलेली असू शकते. नऊ वर्षांत त्या स्पष्टीकरणावर बरेच काही उभे राहिले होते.

एखादे जनुक निकामी केलेले अनेक जुने उंदीर १२९ वाणाच्या मूलपेशींतून घडवले गेले. पुढे सी५७बीएल/६शी वारंवार संकर केला तरी बदललेल्या जनुकाशेजारचा १२९चा तुकडा टिकून राहतो. कॅस्पेस-१ हे जनुक नसलेल्या उंदरांत अशाच शेजारच्या तुकड्यामुळे कॅस्पेस-११ही निकामी असते, हे २०११ मध्ये उघड झाले. त्यात वेगळ्या पिंजऱ्यांतले वेगळे जिवाणू मिसळले, की परिणाम जनुकाचा की जिवाणूंचा, हे ओळखता येत नाही.

म्हणून तुलना एकाच वेतातल्या भावंडांत करावी. बाहेरून विकत आणलेला ‘सामान्य’ उंदीर त्यांची जागा घेऊ शकत नाही. वाणाचे नुसते नाव न लिहिता उपवाण व संकराच्या पिढ्या नोंदवाव्यात आणि आठव्या गुणसूत्रावरील डिफेन्सिन-समूह कोणत्या वाणाचा आहे, हे जनुकीय खुणांनी तपासावे. ही जनुके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की पीसीआरचे प्रायमर भलत्याच प्रतीला चिकटतात. आरएनएच्या मोजणीबरोबर पेप्टाइडही मोजलेले बरे. उंदरात प्रो-क्रिप्टडिनांचे सक्रिय रूप एमएमपी७ हे विकर घडवते, माणसात ते काम ट्रिप्सिनकडे असते. उंदरावरचे निष्कर्ष रुग्णाला लावताना हा फरकही धरावा लागतो.