पाण्यातील धातू आणि मृत जिवाणूंचे साहाय्य

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकारास येते आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. ओतकाम व यंत्रभागांचे उत्पादन हा या नदीकाठच्या कोल्हापूरचा जुना व्यवसाय होय. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. जेथे यंत्रभागांना क्रोमियम, जस्त वा निकेल यांचा मुलामा दिला जातो, तेथे ते धुतलेल्या पाण्यात या धातूंचा अंश उतरतो. (कोल्हापुरी पायताणाचे कातडे मात्र परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांनीच कमावले जाते, क्रोमियमचा तेथे संबंध नाही.)

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कालांतराने कुजून जाते. धातू कुजत नाही. तो गाळात साचतो, पिकांत व माशांत शिरतो. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे.

चुना घालून धातू खाली बसविण्याची रीत परिचित आहे. धातूचे प्रमाण मोठे असता ती उपयोगी पडते. उरलेला अल्प अंश काढण्यास मात्र ती अपुरी ठरते. अशा वेळी जिवाणू कामी येऊ शकतात. बॅसिलस सब्टिलिस हा मातीत आढळणारा साधा जिवाणू. त्याच्या पेशीभित्तिकेवरील ऋणभारित गट धनभारित धातूंना धरून ठेवतात, हे कॅनडातील बेव्हरिज व मरे यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. यासाठी जिवाणू जिवंत असावा लागत नाही. मृत पेशींना अन्न लागत नाही, विषारी पाण्याची बाधाही होत नाही. त्यांचे दाणे करून नळकांड्यात भरावेत व पाणी त्यातून सोडावे, एवढीच मूळ कल्पना.

पाण्याची आम्लता मात्र सांभाळावी लागते. तांबे व शिसे किंचित आम्ल पाण्यात चांगले धरले जातात. घातक असे षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित असल्याने ते अधिक तीव्र आम्लातच पकडले जाते. म्हणून एकच गाळणी सर्व धातूंना चालेल, असे मानणे चुकीचे होय.

ही योजना कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी करावयाची आहे, नदीत नव्हे. नाल्यात जिवाणू ओतून धातू नाहीसा करण्याचा प्रस्ताव पंचायतीपुढे आल्यास, धातू पकडलेले जिवाणू पुढे बाहेर कसे काढणार, हे सदस्यांनी अवश्य विचारावे. नळकांड्यातील दाणे सौम्य आम्लाने धुतल्यास धातू परत मिळतो व दाणे पुन्हा वापरता येतात. निकामी झालेले दाणे घातक कचऱ्याच्या नियमांनुसार अधिकृत ठिकाणीच पोचवावे लागतात. खताच्या खड्ड्यात टाकल्यास तोच धातू शेतात उतरतो.